बल्बचं डोकं उडवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एलईडी बल्ब वापरून घरी ग्रो लाइट, म्हणजे रोपं वाढवायचा दिवा, कसा करावा, यावर अर्धं पान मजकूर आला आहे. आमच्या गावात तो दोघातिघांनी कापून ठेवला. त्यातला एक पोरगा दुसऱ्याच दिवशी कात्रण आणि सहा बल्ब घेऊन माझ्या ओट्यावर हजर झाला, कारण विजेचं काही अडलं की गाव माझ्याकडे येतं. सहापैकी दोन बल्बांचे पांढरे घुमट त्याने आधीच उडवले होते. लेखात तसंच सांगितलंय म्हणे. मी लेख वाचला. खरंच तसंच सांगितलंय.

म्हणून आधी तेवढंच लिहितो. बाकीचं नाही छापलं तरी चालेल.

घुमट काढला की दहा टक्क्यांच्या आसपास प्रकाश जास्त मिळतो, हे बरोबर आहे. पण स्वस्तातल्या बल्बात मेन्सपासून, म्हणजे घरात येणाऱ्या मुख्य विजेपासून, वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टचा एसी आत सरळ डीसी केला जातो आणि तो सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढतो. आतल्या थाळीवर जे पिवळे ठिपके दिसतात ते, म्हणजे खरे एलईडी, आणि त्यांचे सोल्डरचे टाके थेट मेन्सला जोडलेले असतात. घुमट प्रकाश पसरवतो तसा तो हात आणि वीज यांच्यातला पडदाही असतो. आता चित्र डोळ्यांपुढे आणा: असे सहा उघडे बल्ब, खाली ओले ट्रे, हातात पाण्याचा फवारा, पायात चप्पल नाही, जमीन सारवलेली.

हे मी ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी याच दहा टक्क्यांच्या मोहात मी स्वतः पडलो होतो. सत्तावीस वर्षं इलेक्ट्रिशियनची नोकरी केलेला माणूस! फवारा मारताना बल्ब थोडा सरकवायला गेलो आणि हात खांद्यापर्यंत झटकला गेला. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे वीज गळली की आपोआप पडून ती तोडणारा खटका. तो पडला नव्हता. नंतर लक्षात आलं की बहुतेक घरांत असतो तो एसी टाइपचा आरसीसीबी अशी अर्धवट डीसी झालेली गळती हमखास पकडेलच असं नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय पडलं?” मी म्हटलं, काही नाही, ट्रे. तिला खरं काय ते या पत्रातूनच कळेल.

त्या पोराचे दोन बल्ब मी ठेवून घेतले आणि बदल्यात त्याला एक बॅटन, म्हणजे पट्टीसारखी बंद एलईडी ट्यूब, दिली. बॅटनचं पुढे सांगतो.

आता माझ्याबद्दल थोडं. जळगावकडच्या एका केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये माझी नोकरी झाली. आमच्याकडे जिला सगळे जी-नाईन म्हणतात त्या जातीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढायची. रॅकवर मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्याला डोक्यावर चार फुटी ट्यूब, सोळा तास उजेड, आठ तास अंधार आणि तापमान पंचवीसच्या आसपास. बाहेर मे महिन्यात ४४ अंश असताना खोलीत पंचवीस ठेवायचे म्हणजे काय, हे खानदेशात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या वेळी ४० वॅटच्या ट्यूब होत्या आणि तांब्याचा चोक वर दहा-बारा वॅट खायचा. खोलीत जळलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो. म्हणजे आधी पैसे देऊन तो आत आणायचा आणि मग एसीला पैसे देऊन बाहेर काढायचा. आमच्या साहेबांनी एका उन्हाळ्यात सगळे चोक उपटून बाहेरच्या पडवीच्या भिंतीवर ओळीने लावायला सांगितले, आत फक्त तारा. दीड महिना मी तेच करत होतो. तेव्हा त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या, पण एसी दमायचे थांबले. पुढे एलईडी आल्या, ४० च्या जागी १८ वॅट झाले आणि ती पडवी रिकामी झाली. माझं सगळं ग्रो लाइटचं ज्ञान त्या पडवीतलं आहे.

निवृत्तीनंतर अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. घर धाब्याचं आहे. जाड मातीच्या भिंती, छतावर खारी, म्हणजे खाऱ्या मातीचा थर. बाहेर झळा लागत असताना मधल्या घरात घोंगडी अंथरून झोपावं इतका गारवा. फक्त अंधार. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की बायको मिरचीचं बी टाकते, घरचं बी, तिच्या आईकडून आलेलं. पाऊस पडेपर्यंत, साधारण पाच आठवडे, रोपं जगवायची. बाहेर ठेवली तर सकाळचं पाणी अकराला सुकतं, आणि नळाला पाणी रोज येत नाही. आत ठेवली तर पाणी दिवसाला एकदा पुरतं, पण रोपं उजेडाच्या शोधात लांबडी होतात, दोऱ्यासारखी, आणि माना टाकतात. घराच्या खिडकीशी मी लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, धरला तर हजार-बाराशे लक्स. त्याच वेळी अंगणात लाखाच्या आसपास. आपल्या डोळ्याला हा शंभरपट फरक जाणवत नाही, बाहुली आणि डोळ्याचा पडदा मिळून सांभाळून घेतात. रोपाला बाहुली नसते.

तर मी लाइट करायला घेतला आणि पहिली चूक केली: इंटरनेटवरून जांभळा ग्रो लाइट मागवला. डब्यावर ‘१००० वॅट’. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण हाच आकडा लावून विकणारे पंचवीस जण आहेत. तुमच्या लेखातही ‘जांभळाच घ्या, वॅट जास्त तेवढी वाढ जास्त’ या अर्थाचा सल्ला आहे, म्हणून जरा सविस्तर.

वॅट खरे किती, हे घरी कसं मोजायचं ते आधी. तुमच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती वेळा. माझ्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फ्रिजसुद्धा, आणि फक्त तो दिवा लावायचा. १००० वॅटचा दिवा तासाला एक युनिट खाणार, म्हणजे मिनिटाला त्रेपन्न वेळा लुकलुक व्हायला हवी. मी घड्याळ लावून बसलो. मिनिटाला पाच, कधी सहा. म्हणजे शंभर-एकशेदहा वॅट. डब्यावरचे हजार कुठून आले? आतल्या प्रत्येक ठिपक्याची कमाल क्षमता धरून बेरीज मारलेली. हजार वॅटने तो खरंच चालवला तर दहा मिनिटांत त्याचा पापड होईल.

जांभळ्या रंगाचं खूळ असं: हरितद्रव्य पानातून काढून नळीत मोजलं की ते लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, हिरवा कमी. यावरून लोकांनी ठरवलं की हिरवा फुकट. पण अख्खं पान म्हणजे नळीतला अर्क नव्हे. १९७२ साली मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने बावीस पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात ठेवून मोजणी केली, तेव्हा हिरवा उजेडही पान चांगलाच वापरतं, असं दिसलं. उलट हिरवा पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत पोहोचतो. लाल ठिपके विजेच्या हिशेबाने काटकसरी असतात, हे मान्य. चांगल्या महागड्या दिव्यांत पांढऱ्यासोबत ते थोडे घालतात. पण नुसत्या जांभळ्या उजेडात रोप पिवळं पडलंय की हिरवं आहे, पानाखाली फुलकिडे आहेत की नाहीत, काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्या खेपेची निम्मी रोपं या फुलकिड्यांनी गेली आणि मला ते आठ दिवस कळलं नाही. संध्याकाळी शेजारचे एक काका दारातून डोकावले, “हाई काय शे भो? डान्सबार?” तेवढ्यावर तो दिवा पोत्यात गेला.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या ठिपक्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देतात, त्यातून पांढरा उजेड होतो. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्या निळ्या एलईडीसाठीच मिळालं. म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या बॅटनमध्येही निळा, हिरवा, लाल सगळं आहे.

आता हिशेब. डब्यावर ल्यूमेन लिहिलेले असतात. ल्यूमेन माणसाच्या डोळ्यासाठी असतात, आणि डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वांत जास्त दिसतो. पानाला मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशाचे कण मोजून द्यावे लागतात, एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल, असे. ते मोजायचं यंत्र महाग असतं. पण दिवा पांढराच असेल तर लक्सला साधारण सत्तरने भागलं की कामचलाऊ आकडा येतो. जांभळ्या दिव्याला हा भागाकार लागू नाही, हा आणखी एक वैताग.

मिरची-वांग्याच्या रोपांना दीडशे मायक्रोमोलच्या आसपास मिळाले की ती ठेंगणी, जाड देठाची होतात, म्हणजे दहा-साडेदहा हजार लक्स. माझं टेबल दोन फूट बाय चार फूट, म्हणजे पाऊण चौरस मीटरला थोडं कमी. त्यावर प्रोट्रे चार बसतात, ९८ खणांचे. २० वॅटची चार फुटी एलईडी बॅटन साधारण २००० ल्यूमेन देते. पाच बॅटन घेतल्या: १०० वॅट, १०,००० ल्यूमेन. सगळा उजेड ट्रेवर पडला असता तर चौदा हजार लक्सच्या जवळ गेलो असतो. तसं होत नाही, बाजूने गळतो. पहिल्या दिवशी मीटर आठ हजार दाखवत होता. मग तिन्ही बाजूंना थर्मोकोलच्या पांढऱ्या पाट्या उभ्या केल्या, बॅटनपासून वीतभर लांब, आणि मागच्या भिंतीला चुना दिला. साडेदहा हजार! एकही वॅट न वाढवता. लोक चॉकलेटची चंदेरी कागदं चिकटवतात, पण चुरगळलेल्या चंदेरीपेक्षा साधा पांढरा चुना बरा.

बॅटन पानांपासून एक फुटावर टांगल्या आहेत. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, असं लेखात आहे. ते एकट्या बल्बसाठी. पाच लांब बॅटन शेजारी-शेजारी असल्या की तसं होत नाही; फूटभरावरून अर्ध्या फुटावर आणल्या तेव्हा माझ्याकडे दीडपटसुद्धा झालं नाही. रंग कोणता? ६५०० केल्व्हिनचा थंड पांढरा, कारण त्यात निळा जास्त आणि रोप आटोपशीर राहतं. दोन बॅटन ४००० च्या आहेत, त्या फक्त दुकानात तेवढ्याच शिल्लक होत्या म्हणून. खर्च अकराशे रुपये, टायमर वेगळा. आणि कुठेही काही उघडलेलं नाही, कापलेलं नाही, सोल्डर केलेलं नाही. बॅटन छताकडे तोंड करून नव्हे तर खाली तोंड करून टांगा, हे सांगायला नको होतं, पण एका बहाद्दराने ‘परावर्तित उजेड सौम्य असतो’ म्हणून उलट्या टांगल्या होत्या.

ज्यांना हात शिवशिवतात त्यांच्यासाठी माझा दुसरा दिवाही सांगतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर ठिपके बसवलेल्या एलईडी पट्ट्या मिळतात. त्या ॲल्युमिनियमच्याच चौकोनी पाइपवर थर्मल पेस्ट लावून स्क्रूने आवळल्या आणि त्यांना पूर्ण करंटच्या निम्म्यावर चालवलं. निम्म्या करंटला उजेड निम्म्याहून थोडा जास्त मिळतो, पट्टी कोमट राहते आणि आयुष्य वाढतं. म्हणजे जास्त पट्ट्या घ्या, पण त्यांना हळू हाका. बैलाचंही तसंच असतं. पट्ट्या सिरीजमध्ये जोडा. पॅरलल जोडल्या आणि एक तुटली की तिच्या वाटचा करंट दुसरीवर जातो आणि तीही जाते. ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणारा डबा, आयसोलेटेड (मेन्सपासून वेगळा केलेला) हवा, तसं त्यावर लिहिलेलं असतं. पाइपाला अर्थिंग हवं. यातलं एकही समजलं नसेल तर बॅटन घ्या, त्यात कमीपणा नाही.

आपल्या भागात एलईडीचे ठिपके फार क्वचित मरतात, मरतो तो ड्रायव्हर. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पुण्यात चार वर्षं टिकणारा ड्रायव्हर भुसावळला बंद लाकडी पेटीत ठेवला तर दोन उन्हाळे बघणार नाही. लेखातल्या चित्रात सगळं एका खोक्यात कोंबलेलं आहे, झाकण लावून. माझ्या पट्ट्यांचे ड्रायव्हर टेबलाच्या बाहेर भिंतीवर आहेत, ओळीने. बायको म्हणते, लॅब घरी आणली.

लाइट जातात, मग टायमरचं काय, असं तो पोरगा विचारत होता. रोपाला दिवसभराची बेरीज लागते. आपण पाऊस कसा मोजतो? दिवसात किती मिलिमीटर पडला, हे बघतो. मध्ये दोन तास उघडला होता का, ते नाही. दुपारी दोन तास वीज गेली तर रात्री दोन तास जास्त चालवायचा, झालं. इन्व्हर्टरवर ग्रो लाइट चालवणं म्हणजे टँकरचं पाणी रस्त्यावर मारणं. फक्त रोज पाच-सहा तास अंधार राहू द्या.

आता लेखातल्या घरबसल्या मिरची पिकवून कमाई करण्याच्या गोष्टीबद्दल. माझा दिवा सोळा तासांत दीड-पावणेदोन युनिट खातो. पाच आठवड्यांचे छप्पन युनिट झाले. रोपं ३९२, त्यातली साडेतीनशे धड. आमच्या बाजूला रोपवाटिकेत मिरचीचं रोप दीड रुपयाला मिळतं. बायकोने हा गुणाकार तोंडी केला आणि मला विचारलं, “मग तुम्ही कमावलं काय?” उत्तर एकच, की घरचं बी रोपवाटिकेत मिळत नाही. आणि हे झालं फक्त रोपापुरतं. फळ धरेपर्यंत मिरची दिव्याखाली ठेवायची, मे महिन्याच्या उन्हाएवढा उजेड द्यायचा, तर त्याच टेबलाला रोज याच्या पाच-सहापट युनिट लागतील. ज्या जिल्ह्यात ऊन फुकट अंगावर येतं तिथे ते विकत घ्यायचं? ज्याच्याकडे शेडनेट आणि पाणी आहे त्याला ग्रो लाइट लागतच नाही, हे लेखात पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

एक गोष्ट लेखात नाहीच, आणि तिच्यापायी माझं एक वर्ष गेलं. दिव्याखालची रोपं दिसायला देखणी असतात, पण त्यांनी दहा हजार लक्सपलीकडे काही पाहिलेलं नसतं. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग बघून सगळे ट्रे एकदम अंगणात काढले. दुपारी ढग फाटले. संध्याकाळी पानं कागदासारखी पांढरी. लॅबमध्ये केळीची रोपं बाटलीतून निघाल्यावर आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली, असे कित्येक आठवडे हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या उन्हा-हवेची सवय व्हायला, जायची, हे रोज डोळ्यांनी पाहिलेला मी! आता पहिल्या दिवशी सकाळचा एक तास निंबाच्या सावलीत, मग रोज थोडं जास्त, असे आठ-नऊ दिवस. मगच विहिरीजवळच्या दीड गुंठ्यात.

विनंती अशी, की घुमटाबद्दलची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापावी. आतल्या पानावर जाहिरातीखाली नको. शाळांना सुट्ट्या लागल्या आहेत, पोरं रिकामी आहेत आणि तुमचं कात्रण गावोगाव गेलं आहे.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिशियन
ता. अमळनेर, जि. जळगाव
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये. गावात आधीच पुरेसे बल्ब येतात.)